ग्रुपमधून काढलं, की वाळीत टाकलं?

 

आज मी थोडा इतिहास सांगणार आहे. पण सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते, कारण ती चूक झाली नसती तर हा इतिहास मी परत उघडून वाचला नसता.

आमच्या ग्रामसंघाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मीटिंगची तारीख, हप्त्याची आठवण, बँकेत कुणी जायचं, कुठल्या प्रशिक्षणाला नावं द्यायची, हे सगळं त्यावर येतं. अ‍ॅडमिन मी. एका रात्री साडेनऊच्या सुमारास, गटात नवीनच आलेल्या एका सुनेने ग्रुपवर विचारलं, "अंतर्गत कर्जावरचं व्याज कुठल्या वहीत लिहितात? मला ती वही बघायला मिळेल का?"

प्रश्न एवढाच. पण त्याखाली उत्तरं काय आली बघा. एकीने लिहिलं, "आल्या आल्या हिशोब मागायला लागली." दुसरीने लिहिलं, "आमच्यावर विश्वास नसेल तर गटात कशाला आलीस?" तिसरीने नुसतं हसणारं तोंड टाकलं. मग अजून चौघींनी हसणारी तोंडं टाकली. त्या सुनेने परत लिहिलं, "मी फक्त विचारलं." मी दिवसभराची दमलेली होते. वाद वाढायला नको म्हणून लिहिलं, "हा ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे." आणि तिला ग्रुपमधून काढून टाकलं. बोटाने दोनदा दाबलं की झालं. मी फोन चार्जिंगला लावला आणि झोपले.

पुढच्या मीटिंगला ती आली नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं गेलं नाही. पिठाच्या गिरणीत ती आली की बायका गप्प होतात, हे मला नंतर कळलं. यातलं काहीही मी कुणाला करायला सांगितलं नव्हतं. पण मी तिला काढलं, एवढं बघूनच बाकीच्यांनी काय ते समजून घेतलं. मग एक दिवस तिच्या सासूने मला एसटी स्टँडवर गाठलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, आमच्या सुनंला वाळीत टाकलंय व्हय तुम्ही?"

वाळीत! मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. वाळीत टाकणं, ग्रामण्य, जातपंचायत यांवर परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती. तो शब्द कुणी माझ्यासाठी वापरेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. घरी आले आणि जुनी पुस्तकं काढली. त्यात जे परत वाचलं, ते आज तुम्हाला सांगते.

'वाळणे' म्हणजे वगळणे, टाकून देणे. वाळीत टाकलेल्या माणसाशी बोलायचं नाही, त्याच्याकडचं पाणी प्यायचं नाही, त्याला पंगतीला बसवायचं नाही, त्याच्या घरी सोयरीक करायची नाही. जातीतल्या किंवा गावातल्या अशा बहिष्काराच्या भांडणाला जुन्या काळी 'ग्रामण्य' म्हणत. आळंदीला संन्याशाची मुलं म्हणून ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांना समाजाने बाहेर ठेवलं, ती गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणजे ही रीत किती जुनी आहे बघा.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुन्या गावात कोर्ट नव्हतं, पोलीस ठाणं नव्हतं. गावाला काहीतरी शिस्त लागायचीच. त्यासाठी गोतसभा बसायची. शिवकाळातले आणि पेशवाईतले अशा सभांचे निवाडे आज छापलेले मिळतात. त्या निवाड्यांना 'महजर' म्हणत. गावचे पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार असे लोक सभेला बसत. ज्यांचं भांडण आहे, ते दोघेही समोर उभे राहत. सभेचा निर्णय आम्हाला मान्य असेल, असं आधी लिहून देत. दोघांचं म्हणणं लिहून घेतलं जाई, साक्षी होत. मग निवाडा लिहिला जाई आणि त्यावर सभेतले लोक सही करत. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते आपली निशाणी करत. पाटलाची निशाणी नांगराची असे. जिंकणाऱ्याला 'जयपत्र' मिळे, हरणारा 'येजितपत्र' लिहून देई.

या सभांमध्ये सगळं न्यायाचंच होत होतं असं मी म्हणत नाही. जातीची उतरंड तिथेही होती, आणि बायकांचं म्हणणं फारसं कुणी ऐकत नव्हतं. पण त्यातल्या दोन गोष्टी मला घेण्यासारख्या वाटतात. एक म्हणजे, निर्णय सर्वांसमोर होई आणि लिहिला जाई. कुणी काय ठरवलं, कशावरून ठरवलं, हे कागदावर राही. दुसरी म्हणजे, बाहेर गेलेल्याला परत यायची वाट असे. त्याला 'गोतात घेणे' म्हणत. याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण नेताजी पालकरांचं. औरंगजेबाने त्यांना धर्मांतर करायला लावलं. कितीतरी वर्षं ते मुघलांच्या चाकरीत होते. तरी १६७६ साली ते परत आले तेव्हा शिवाजी महाराजांनी त्यांना प्रायश्चित्त देऊन पुन्हा आपल्यात घेतलं. एवढ्या दूर गेलेल्या माणसाला परत घेता येतं.

मी माझ्या ग्रुपकडे बघितलं. निर्णय एकटीने घेतला, रात्री साडेनऊला, फोनवर. समोरचीचं म्हणणं ऐकलं नाही. कारण लिहिलं नाही. परत कधी घेणार ते सांगितलं नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं गाव माझ्यापेक्षा बरं वागलं होतं.

पुढे काळ बदलला, पण वाळीत टाकणं गेलं नाही. १८९० सालच्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात एक प्रकरण झालं. पंचहौद मिशन या ख्रिस्ती मंडळींच्या ठिकाणी एक कार्यक्रम होता. पुण्यातली नामांकित माणसं आली होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटं ठेवली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कप तोंडाला लावला, कुणी तसाच ठेवून दिला. पण परधर्मीयांच्या हातचं घेतलं म्हणजे धर्म बुडाला, अशी तेव्हाची समजूत. कार्यक्रमाला आलेल्यांची नावं गोपाळराव जोशी यांनी वर्तमानपत्रात छापून आणली. हे गोपाळराव म्हणजे आपल्या पहिल्या डॉक्टर आनंदीबाई जोशींचे पती. झालं, गावभर गोंधळ उडाला. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली. त्यांनी चौकशीला शास्त्री पाठवले. एका कप चहाची चौकशी वर्ष-दीड वर्ष चालली.

मैत्रिणींनो, चहा प्यायला पुरुष गेले होते. पण ग्रामण्य लागल्यावर त्याची झळ कुणाला लागली? घरात श्राद्ध आलं, मुंज आली, की भटजी मिळेना. सणाला पंगतीला कोणी बसेना. लेकीबाळींच्या सोयरिकी अडायला लागल्या. हे सगळं निस्तरायचं घरातल्या बायकांनी. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली आलं. त्यात या प्रकरणाबद्दल त्यांनी लिहिलं आहे. रानड्यांनी शेवटी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं, ते स्वतःच्या सोयीसाठी नाही, तर अडचणीत सापडलेल्या मित्रांसाठी घेतलं. एवढा मोठा हायकोर्टाच्या तोडीचा माणूस. पण बहिष्कार त्याच्या एकट्यावर नसतोच. तो त्याच्या सोबत्यांना धरून येतो आणि शेवटी त्यांच्यासाठी मान खाली घालायला लावतो.

दुसरं उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं. कर्वे मूळचे कोकणातल्या मुरुडचे. आपल्या गावाचं भलं व्हावं म्हणून त्यांनी मुरुड फंड सुरू केला होता. स्वतः पैसे घालत, बाहेर राहणाऱ्या गावकऱ्यांकडून गोळा करत. म्हणजे एका अर्थाने गावासाठी बचतच. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. लग्नानंतर त्यांचं नाव आनंदीबाई झालं, पण सगळे त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतात.

मग मुरुडला सभा भरली. ज्या माणसाने गावासाठी फंड उभा केला, त्याच माणसावर गावाने बहिष्कार घातला. त्याच्यासोबत कुणी सभेत बसायचं नाही, असं ठरलं. आणि एवढ्यावर थांबले नाहीत. तो गावात आला आणि घरच्यांनी त्याला घरात ठेवून घेतलं, तर घरच्यांवरही बहिष्कार. विचार करा, घरी म्हातारी आई. लेक दारात आला तर आत घ्यायचं की नाही, हे आईने ठरवायचं नाही, गावाने ठरवायचं.

बहिष्काराची खरी ताकद इथे आहे. शिक्षा एकाला नसते. जो त्याच्याशी बोलेल, त्यालाही ती मिळेल अशी भीती सगळ्यांना घातलेली असते. म्हणून चांगली चांगली माणसंही गप्प बसतात. आमच्या ग्रुपवर हसणारी तोंडं टाकणाऱ्या चौघींपैकी दोघींनी मला नंतर सांगितलं, "ताई, प्रश्न बरोबर होता तिचा. पण बाकीच्या हसल्या म्हणून आम्हीपण टाकलं." बाकीच्या पंचवीस-तीस जणींनी तर काहीच लिहिलं नव्हतं. त्या गप्प बसण्यातूनही तिला उत्तर मिळालंच होतं.

कर्वे आणि बाया थांबले नाहीत. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे पुण्याजवळ हिंगण्याला गेला. १९१६ साली त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ सुरू केलं. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळालं. आज आपल्या लेकी कॉलेजला जातात, त्यात या माणसाचा वाटा आहे. त्यांच्याही आधी १८४९ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंना मुलींना शिकवतात म्हणून घर सोडावं लागलं होतं. समाज काय म्हणेल या धाकापुढे जोतीरावांचे वडीलही झुकले. ज्यांना त्या वेळी बाहेर काढलं, त्यांचेच फोटो आज आपण शाळेत लावतो. बाहेर काढणारांची नावं कुणाला आठवतात का?

पण या दोन्ही गोष्टी शिकलेल्या, नाव असलेल्या माणसांच्या आहेत. त्यांच्यापाशी नोकरी होती, शहर होतं, मित्र होते. ज्यांच्यापाशी यातलं काहीच नव्हतं, त्यांचं काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, आणि त्यांच्यामागे हजारो माणसं प्यायली. त्यानंतर सत्याग्रहाला गेलेल्या लोकांना गावोगाव मारहाण झाली, त्यांच्यावर बहिष्कार पडले. बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ ला पाक्षिक सुरू केलं, त्याचं नाव ठेवलं 'बहिष्कृत भारत'. त्याआधी १९२४ साली त्यांनी काढलेल्या संस्थेचं नाव होतं 'बहिष्कृत हितकारिणी सभा'. जो शब्द खाली बघायला लावायचा, तोच त्यांनी पाटीवर लिहिला.

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य समाजाच्या अडचणी तपासायला एक समिती नेमली. तिला स्टार्टे समिती म्हणतात. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात समितीने लिहिलं की या लोकांना दाबून ठेवण्याचं सर्वांत भयंकर हत्यार मारहाण नाही, बहिष्कार आहे. कारण यांच्याकडे जमीन नाही, रोजगार दुसऱ्याच्या शेतात, सामान दुसऱ्याच्या दुकानात. मजुरी बंद केली, दुकानदाराने मीठमिरची द्यायची बंद केली, वाट बंद केली, की माणूस चार दिवसांत शरण येतो. आणि बहिष्कार कशावरून पडायचा? सार्वजनिक विहिरीचं पाणी घेतलं म्हणून. जमीन विकत घेतली म्हणून. नवरदेवाची वरात घोड्यावरून रस्त्याने काढली म्हणून. चांगले कपडे आणि दागिने घातले म्हणून.

मैत्रिणींनो, चांगलं लुगडं नेसलं म्हणून वस्तीला उपाशी ठेवायचं. आणि हे काही हजार वर्षांपूर्वीचं नाही. माझी आजी तेव्हा जन्मली नसेल, पण पणजी नक्की होती. ती यातल्या कुठल्या बाजूला उभी होती, हे मला घरात कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेच्या वेळी मागणीच केली की बहिष्कार घालणं हा गुन्हा ठरवा. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई राज्याने समाजातून बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा एक कायदा केला. त्याला दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी आव्हान दिलं, आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. पुढे पन्नास वर्षं तसंच चाललं. गावकी आणि जातपंचायती लोकांना वाळीत टाकत राहिल्या. दुसऱ्या जातीत लग्न केलं, पंचांचं ऐकलं नाही, पंचांकडे न जाता पोलिसांत तक्रार दिली, कारणं अशीच. २०१३ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम चालवली. वाळीत टाकलेली कुटुंबं पुढे येऊन बोलू लागली. शेवटी एप्रिल २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला, आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ पासून तो लागू झाला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नुसता घालणाराच नाही, त्याला चिथावणी देणारा, मदत करणाराही गुन्हेगार. तुमच्या गावात कुणा कुटुंबाला असं टाकलं असेल, तर ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचवा. पोलीस ठाण्यात तक्रार देता येते.

आता तुम्ही म्हणाल, ताई, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधून काढणं आणि वाळीत टाकणं एकच का? नाही, एक नाही. ग्रुपमधून काढलं म्हणून काही गुन्हा होत नाही. कुणाचं पाणी बंद होत नाही. आणि कधी कधी काढावंही लागतं. "झटपट कर्ज मिळेल, लिंक दाबा" असे फसवणुकीचे मेसेज कुणी सांगूनही टाकत राहिली, घाणेरडे व्हिडिओ टाकले, कुणाच्या जातीवरून किंवा नवऱ्यावरून बोलली, तर अ‍ॅडमिनने थांबवलंच पाहिजे. दारच नसेल तर घर कसलं? मर्यादा लागतेच.

पण आपल्या अ‍ॅडमिन बायका एका भीतीपोटी फार पटकन दार लावतात. "ग्रुपवर कुणी काही टाकलं की अ‍ॅडमिनवर केस होते," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. म्हणून गोंदिया जिल्ह्यातलं एक प्रकरण सांगते. तिथे एका ग्रुपवर एका सदस्याने ग्रुपमधल्याच एका बाईबद्दल घाण लिहिलं. अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही, म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये अ‍ॅडमिनवरचा तो खटला रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं असं की अ‍ॅडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं. दुसरा काय लिहिणार ते त्याला आधी कळत नाही, मेसेज तपासून पुढे सोडता येत नाही. दोघांनी मिळून तो बेत केला असेल, तरच अ‍ॅडमिन जबाबदार. त्या बाईची बाजू अ‍ॅडमिनने घ्यायला हवी होती, हे माझं मत. पण केसच्या भीतीने कुणी साधा प्रश्न विचारणाऱ्या बाईला काढत असेल, तर ती भीती खरी नाही.

आणि बचत गटात तर हे जास्त जपायला हवं. गट म्हणजे दहा ते वीस जणींचा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब, ही पंचसूत्री आपण पाठ म्हणतो. पाचवं सूत्र हिशोबाचं आहे. म्हणजे त्या सुनेने जे विचारलं, ते गटाच्या नियमातच आहे. विचारण्याचा तिला हक्क होता. ती नवीन होती, कुठे विचारायचं हे तिला माहीत नव्हतं, एवढीच तिची चूक. नवीन सून घरात आल्यावर डबे कुठले कुठे आहेत हे आपण दाखवतो ना? का म्हणतो, तुला माहीत नाही तर स्वयंपाकघरात येऊच नकोस?

मग मी काय केलं ते सांगते. तिच्या घरी गेले. सासूने चहा दिला, पण ती माझ्याशी फारशी बोलली नाही. मी म्हटलं, "माझं चुकलं. मीटिंगला ये, वही उघडू." मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी हेच बोलले. वही उघडली, व्याजाचा हिशोब सगळ्यांनी बघितला. हिशोबात चूक नव्हती. पण बारा जणींपैकी सात जणींनी ती वही पहिल्यांदाच बघितली, असं त्यांनीच सांगितलं.

त्या दिवशी आम्ही ठराव लिहिला. ग्रुपला दोन अ‍ॅडमिन राहतील. कुणाला काढायचं असेल तर आधी तिला फोन करून बोलायचं. तरी काढावं लागलं तर पुढच्या बैठकीत कारण सांगायचं, तिचं म्हणणं ऐकायचं आणि ठरावाच्या वहीत लिहायचं. आणि महिन्याने परत घ्यायचं का यावर चर्चा करायचीच. रात्री नऊनंतर कुणाला काढायचं नाही, हे एका मावशींनी सुचवलं. सगळ्या हसल्या, पण तेही लिहिलं. खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. दोघींनी अंगठा लावला. मला ते महजर आठवले.

ती सून आता येते. अजून दाराजवळच बसते. ग्रुपवर काही लिहीत नाही. काढायला दोन वेळा बोट दाबलं होतं, परत आणायला किती दिवस लागतील कोण जाणे.

शेवटची एक गोष्ट सांगून थांबते. दर आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी आपल्या दारावरून जाते. बारामतीला मुक्काम, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, मग बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर. आपण वाटेवर उभ्या राहतो, पाण्याचे तांबे देतो, भाकरी देतो. वारकरी परंपरा सांगते की वाघोलीच्या रामेश्वर भटांनी तुकाराम महाराजांना सांगितलं होतं, तू शूद्र, तुला अभंग लिहायचा अधिकार नाही, तुझ्या वह्या इंद्रायणीत बुडव. महाराजांनी वह्या बुडवल्या आणि तेरा दिवस नदीकाठी उपाशी बसले. त्या वह्या तरल्या, हे आपण सगळ्या जाणतो.

पण पुढचं आपण विसरतो. हेच रामेश्वर भट नंतर तुकाराम महाराजांचे शिष्य झाले. आणि कीर्तनाच्या शेवटी आपण तुकाराम महाराजांची जी आरती म्हणतो, ती या रामेश्वर भटांनीच लिहिलेली आहे. ज्याने बोलायचं बंद केलं, तोच पुढे हात जोडून उभा राहिला, आणि वारकऱ्यांनी त्याची आरती आजपर्यंत जपली.

येत्या पालखीला आमचा गट निमगाव केतकीच्या वाटेवर चहाचा स्टॉल लावणार आहे. त्या सुनेला मी हिशोबाची वही सांभाळायला सांगितली आहे. ती 'बघते' म्हणाली आहे.